मोटारीत खडा नव्हता

चोपडा तालुक्यातल्या आमच्या विहिरीवर मे महिन्यात मोटार सुरू केली की पंपातून खडखड ऐकू यायची. पत्र्याच्या डब्यात मूठभर रेती घालून हलवावी, तशी. पाणीही तुटायचं, ठिबकच्या शेवटच्या ओळींतल्या केळीपर्यंत प्रेशर पोचायचं नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, विहिरीच्या काठावरून कान दिला आणि निकाल लावला : "मोटारमा खडा गया वाटस. मिस्तरीले बलाव."

मिस्तरी आला, पंप उघडला. खडा नव्हता. बिडाच्या पंख्यावर मात्र, पाणी जिथून आत शिरतं त्या तोंडाजवळ, वाळवीने लाकूड पोखरावं तसे बारीक खड्डे पडलेले होते. मिस्तरी म्हणाला, हवा घेतेय, फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, बदला. बदलला. खडखड तशीच.

ती खडखड कशाची हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तेही विहिरीवर नाही, संगणकासमोर. पदव्युत्तर शिक्षणात माझ्या वाट्याला विषय आला होता : हायड्रोफॉइलभोवतीच्या पाण्यात कॅव्हिटेशन कसं होतं, त्याचं संगणकावर अनुकरण. नाव ऐकून घरच्यांना ते विमानाचं काहीतरी वाटलं. मलाही सुरुवातीला आपल्या विहिरीशी त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

आपण तापणं आणि उकळणं एकच समजतो, तिथून सुरुवात करतो. पाण्याच्या रेणूंना वाफ होऊन सुटायची घाई कायमच असते. वरून हवेचा दाब त्यांना दडपून ठेवतो. चुलीवर ठेवलं की रेणूंचा जोर वाढत जातो आणि 100 अंशांना तो हवेच्या दाबाला भारी पडतो. पण दुसरीही एक वाट आहे. रेणूंचा जोर आहे तेवढाच राहू द्यायचा आणि वरचं दडपण काढून घ्यायचं. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण 96 अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजायला जास्त वेळ घेते. हीच रेघ खाली ओढत नेली तर 30 अंशांचं, हाताला गारच लागणारं पाणीसुद्धा उकळतं. त्यासाठी दाब 4.2 किलोपास्कलवर आणावा लागतो. हवेचा नेहमीचा दाब 101 किलोपास्कल, म्हणजे त्याच्या चोविसाव्या हिश्श्यावर. या उंबरठ्याला बाष्पदाब म्हणतात. 20 अंशांच्या पाण्यासाठी तो 2.3 किलोपास्कल, 45 अंशांच्या पाण्यासाठी 9.6.

वाहत्या पाण्यात एखाद्या ठिकाणी दाब या उंबरठ्याखाली घसरला की तिथे थंडपणीच उकळी फुटते. बुडबुडे होतात, प्रवाहाबरोबर पुढे सरकतात आणि जास्त दाबाच्या जागी पोचले की मिटून जातात. या सगळ्या प्रकाराचं नाव कॅव्हिटेशन.

आता विहीर. मोटार पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण पाण्याला ओढायला दोर नसतो. पंप फक्त पाइपात दाब कमी करतो. विहिरीतलं पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा. तिची ताकद आमच्याकडे साधारण 10 मीटर उंच पाण्याच्या वजनाएवढी. समजा पंप पाण्याच्या पातळीपासून 6 मीटर वर बसवलाय. 10 मधले 6 तिथेच खर्च झाले. फूटव्हॉल्व्ह आणि पाइपाच्या घासण्यात आणखी 1 मीटर गेला. बाष्पदाबाचे 0.4 मीटर बाजूला ठेवावे लागतात, ते वापरता येत नाहीत. उरले 2.6 मीटर. मे महिन्यात विहिरीचं पाणी 2 मीटर खाली गेलं की उरतात 0.6. पंख्याच्या तोंडाशी पाणी वेगाने वळतं तिथे दाब अजून थोडा घसरतो, आणि एवढ्याशा शिलकीत तो बाष्पदाबाखाली जातो. तिथेच उकळी फुटते आणि तिथेच ती खडखड.

उन्हामुळे पाणी तापतं आणि म्हणून मोटार असं करते, असं गावात बरेच जण सांगतात. विहिरीचं पाणी तेवढं तापत नाही. 45 अंशांचं पाणी घेतलं तरी बाष्पदाबापायी एकूण जेमतेम 1 मीटर जाईल. दोष उन्हाचा आहे खरा, पण पातळी खाली नेण्यापुरता. पाणबुडी मोटारीला हा त्रास सहसा का होत नाही, तेही यात आलंच : ती स्वतःच पाण्याखाली बसलेली असते, उंचीचा खर्चच नाही.

मिस्तरीची "हवा घेतेय" ही समजूतही तपासून बघण्यासारखी आहे, कारण निम्म्या वेळा ती खरी असते. सक्शन पाइपाच्या जोडातून किंवा पंपाचा दांडा बाहेर येतो तिथल्या ग्लँडमधून हवा शिरली तरी पाणी तुटतं. पण हवेचा बुडबुडा दाब वाढला तरी नाहीसा होत नाही, गादीसारखा दबतो आणि पुन्हा फुगतो. वाफेचा बुडबुडा मिटतो तो पूर्ण, मागे काही उरतच नाही. म्हणून थोडी हवा शिरली तर कॅव्हिटेशनची खडखड उलट मऊ होते. मोठ्या धरणांच्या सांडव्यांवर मुद्दाम हवा घुसवायच्या खाचा ठेवतात त्या याचसाठी. अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात 1983 च्या पुरात कॅव्हिटेशनने काँक्रीटचं अस्तर फोडून खालच्या खडकात खड्डे पाडले. दुरुस्तीत तिथेही हवेची खाच बसवली गेली.

पातं

पंपाच्या पंख्याचं एक पातं काढून सरळ करा, ते झालं हायड्रोफॉइल. जहाजाच्या पंख्याचं पातं तेच, टर्बाइनचं तेच. नंदुरबार जिल्ह्यातून पुढे गेलेली तापी गुजरातेत उकाईला अडते. तिथल्या 300 मेगावॅटच्या वीजघरात कॅप्लन जातीची टर्बाइन आहेत, त्यांची पातीही याच कुळातली. पक्ष्याच्या पंखाचा छेद घ्यावा तसा आकार : पुढून गोलसर, मागे निमुळता.

असं पातं प्रवाहात थोडं तिरपं धरलं की पाणी त्याच्या पाठीवरून वळून जातं. पाणी आपण होऊन वळत नाही, त्याला सरळच जायचं असतं. वळवायचं तर वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी आणि बाहेर जास्त असावा लागतो. म्हणजे पात्याच्या पाठीलगत दाब घटतो, पोटाखाली वाढतो, आणि पातं वर उचललं जातं. ही उचल पाहिजे म्हणून तर पातं बनवलं. पण जितकी उचल जास्त मागाल तितका पाठीवरचा दाब खाली, आणि एका मर्यादेनंतर तिथलं पाणी उकळायला लागतं. पात्याचा गुण आणि पात्याचा रोग एकाच मुळातून येतात, म्हणून नुसतं "कॅव्हिटेशन टाळा" म्हणून भागत नाही.

ही मर्यादा किती जवळ आली हे सांगणारा एक आकडा आहे, कॅव्हिटेशन नंबर. प्रवाहाच्या दाबातून बाष्पदाब वजा करायचा आणि उरलेल्याला वेगाच्या दाबाने भागायचं. वेगाचा दाब म्हणजे घनतेची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. सेकंदाला 10 मीटर वेग असेल तर तो 50 किलोपास्कल येतो, आणि उथळ पाण्यात नंबर साधारण 2. वेग दुप्पट केला की नंबर चौथाईवर, 0.5. पात्याच्या पाठीवरची दाबाची घसरण याच मापात या नंबराच्या पुढे गेली की उकळी फुटायला लागते.

जगाला हा रोग आधी जहाजांनी दाखवला. 1894 च्या सुमारास ब्रिटिश नौदलाची डेअरिंग नावाची विनाशिका ठरलेला वेग गाठेना. इंजिनात ताकद होती, पंखा फिरत होता, पण पाण्यात पकड मिळत नव्हती. त्याच सुमारास चार्ल्स पार्सन्सची टर्बिनिया ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोटही अडली. पार्सन्सने 1895 मध्ये तांब्याचं एक छोटं बंद चक्र केलं, त्यात पाणी आणि दोन इंची पंखा ठेवला, वरची हवा काढून दाब कमी केला आणि बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग टर्बिनियाला एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि नऊ पंखे बसवून भार वाटून टाकला. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवात, स्पिटहेडच्या नौदल संचलनात ती बोट 34 नॉट्सच्या आसपास धावली आणि तिला गाठणारं तिथे कोणी नव्हतं.

फडाचा हिशेब

संगणकाला पाणी दिसत नाही. त्याला द्यावा लागतो हिशेब, आणि तो कसा मांडतात हे समजायला खान्देशातल्या माणसाला लांब जायला नको. पांझरा नदीवर कित्येक शतकं चालत आलेली फड पद्धत आठवा. बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, फडाचे लहान तुकडे, आणि पाणी कुठे किती वेळ सोडायचं याची राखण करणारे पाटकरी, जागल्या, हवालदार. एका तुकड्यातून जेवढं पाणी बाहेर पडलं तेवढंच पुढच्यात शिरलं पाहिजे. मधे कमी पडलं तर कुठेतरी बांध फुटलाय किंवा कोणीतरी रात्री दारं मोडलंय.

संगणकावरचं अनुकरण म्हणजे हेच. पात्याभोवतीच्या पाण्याचे लाखो बारीक खण पाडायचे. प्रत्येक खणाच्या प्रत्येक भिंतीतून किती पाणी आलं-गेलं याचा हिशेब, आणि त्याच्याबरोबर वेगाचा जोर किती आला-गेला याचा हिशेब. दुसऱ्या हिशेबाचे नियम म्हणजे नेव्हिये-स्टोक्स समीकरणं, एकोणिसाव्या शतकातली. पात्याच्या अंगाला लागून खण फार बारीक लागतात, कारण भिंतीला टेकलेलं पाणी थांबलेलं असतं आणि जरा वर गेलं की वेग झपाट्याने वाढतो. माझं पातं 10 सेंटीमीटर रुंद होतं, वेग सेकंदाला 10 मीटर. पहिल्या खणाची जाडी आली दोन-अडीच मायक्रॉन. केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस खण बसतील.

साधं पाणी असतं तर एवढ्यावर काम झालं असतं. इथे मात्र पाणीच खणाच्या आत वाफ होतं आणि पुन्हा पाणी होतं. आणि वाफ म्हणजे केवढी हलकी : 20 अंशांना एक घनमीटर पाणी 998 किलो, तर त्या तापमानाची वाफ जेमतेम 17 ग्रॅम. एकास सत्तावन्न हजारांचा फरक, तोही शेजारशेजारच्या खणांत. गणित इथेच कोलमडतं. माझं पहिल्या महिन्यातलं एकही रन शेवटपर्यंत पोचलं नाही; सकाळी येऊन बघावं तर रात्री दोन वाजता आकडे अनंताला भिडून प्रोग्रॅम बंद पडलेला.

मग एकेका बुडबुड्याचा माग का ठेवत नाहीत? एका बुडबुड्याचं गणित तर फार पूर्वी सुटलंय. 1917 मध्ये लॉर्ड रॅले यांनी पोकळ बुडबुडा किती वेळात मिटतो ते काढलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा बाहेरच्या एका वातावरणाएवढ्या दाबाखाली सुमारे 90 मायक्रोसेकंदांत मिटतो. 1949 मध्ये प्लेसेट यांनी ते समीकरण पुढे नेलं. तेव्हा एका बुडबुड्याची अडचण नाही, अडचण संख्येची आहे. पात्याच्या पाठीवर पांढरा फेस दिसतो त्यात अगणित बुडबुडे असतात, एकमेकांत मिसळतात, फुटतात.

म्हणून संगणक बुडबुडे पाहतच नाही. तो प्रत्येक खणात एक जास्तीचा आकडा ठेवतो : या खणात वाफ किती हिस्सा. शून्य म्हणजे निव्वळ पाणी, एक म्हणजे निव्वळ वाफ, अर्धा म्हणजे निम्मं-निम्मं, आणि त्या हिश्श्यावरून खणाची घनता. गवळ्याच्या चरवीत दूध किती आणि पाणी किती हे लॅक्टोमीटर एका आकड्यात सांगतो, पाण्याचा थेंब कुठला ते सांगत नाही, तसं. मग त्या हिश्श्याचंही खातं उघडायचं : शेजारच्या खणातून किती वाफ आली, किती गेली, इथे नवी किती झाली, किती मिटली.

सगळी मेख शेवटच्या दोन रकमांत आहे. नवी वाफ किती? दाब बाष्पदाबाच्या खाली किती घसरलाय त्यावरून रॅलेच्या समीकरणाचं सोपं रूप घेऊन बुडबुडा फुगायचा वेग काढतात. 10 किलोपास्कल घसरण असेल तर त्रिज्या सेकंदाला सुमारे 2.6 मीटर वेगाने वाढते. पण हा झाला एका बुडबुड्याचा वेग. बुडबुडे किती, ते कोण सांगणार?

बुडबुडा शून्यातून जन्मत नाही. दह्याला विरजण लागतं, तसं त्याला काहीतरी निमित्त लागतं : पाण्यात न विरघळता राहिलेल्या हवेचा अदृश्य कण, धुळीच्या कणाच्या भेगेत अडकलेली हवा. अगदी शुद्ध, हवा काढलेलं पाणी बाष्पदाबाच्या खाली जाऊनही उकळत नाही, ताण सोसत राहतं. तापीच्या गढूळ पाण्यात विरजण भरपूर, प्रयोगशाळेतल्या पाण्यात कमी. संगणकाला हे माहीत नसतं. श्नेर आणि झाउअर यांच्या 2001 च्या मॉडेलमध्ये आपणच सांगायचं की एक घनमीटर पाण्यात इतकी बीजं आहेत, आणि पुष्कळ जण सरळ 10 लाख कोटी हा आकडा घालतात. झ्वार्ट आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या मॉडेलमध्ये बाष्पीभवनाच्या रकमेला 50 ने गुणतात आणि मिटण्याच्या रकमेला 0.01 ने, कारण वाफ होते झपकन आणि मिटते रेंगाळत. हे आकडे निसर्गाच्या तत्त्वातून निघालेले नाहीत, प्रयोगाशी जुळवून घेतलेले आहेत. मला आधी याचा रागच आला होता. एवढं थोर गणित मांडायचं आणि मधेच अंदाजपंचे! पुढे राग गेला. गहू किती ओला आहे हे दाताखाली दाणा फोडून सांगणारा अडत्या काही अशास्त्रीय नसतो; त्याचा अंदाज कुठल्या गव्हापुरता खरा आहे ते मात्र आपल्याला ठाऊक पाहिजे.

ढग का सुटेना

आता ज्या भागात माझे सहा महिने गेले, तो.

प्रयोगात असं दिसतं : पात्याच्या पुढच्या धारेपासून वाफेची एक पातळ चादर पाठीवर पसरते, लांब होते. चादरीच्या शेवटी पाणी पुन्हा पात्याला टेकतं, तिथे दाब जास्त, आणि थोडं पाणी उलटं फिरून चादरीच्या खालून, पात्याला घासत, पुढच्या धारेकडे धावत येतं. पुराच्या वेळी पुलाच्या खांबामागे पाणी उलटं वळतं ते पाहिलं असेल, त्यातलाच प्रकार. हा उलटा झोत धारेजवळ पोचला की चादर मुळातून कापली जाते. कापलेला तुकडा बुडबुड्यांचा ढग होऊन प्रवाहाबरोबर निघून जातो, पुढे जाऊन एकदम मिटतो, आणि धारेवर नवी चादर उगवायला लागते. 5 सेंटीमीटर लांब चादर आणि सेकंदाला 10 मीटर वेग असेल तर हे चक्र सेकंदाला साठेक वेळा होतं. पातं त्या तालात थरथरतं.

माझ्या संगणकात चादर तयार झाली, लांब झाली, आणि तशीच बसून राहिली. ढग सुटेना.

कारण प्रवाहाचा खळखळाट, म्हणजे टर्ब्युलन्स. पाण्यातला प्रत्येक लहान भोवरा हिशेबात धरायचा तर आजचे महासंगणकही पुरत नाहीत. म्हणून भोवऱ्यांची सरासरी काढतात आणि त्यांच्या ऐवजी पाण्याला थोडा जास्तीचा चिकटपणा देतात. साध्या पाण्यात हे चालून जातं. पण वाफ-पाण्याच्या मिश्रणात ही रीत चिकटपणा अवाच्या सवा वाढवते, आणि चादरीखालून येणारा तो नाजूक उलटा झोत काकवीत चालावा तसा अर्ध्यातच थांबतो. झोत धारेपर्यंत पोचला नाही की चादर कापली जात नाही.

फ्रान्समधल्या रबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये यावर उतारा सुचवला : जिथे मिश्रण आहे तिथला हा उसना चिकटपणा मुद्दाम जोरात कमी करायचा. किती जोरात, ते एका घातांकाने ठरतं आणि तो बहुतेक जण 10 घेतात. दहाच का? तर दहाने प्रयोगाशी जुळतं म्हणून. मी ती दुरुस्ती ओपनफोम या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत घातली, रात्रभर रन लावला, आणि सकाळी चादरीच्या खालून एक बारीक निळी जीभ पुढे सरकताना दिसली. चादर तुटली. ढग सुटला. वसतिगृहाच्या मेसमध्ये त्या दिवशी मी कोणाला तरी हे सांगितल्याचं आठवतं. त्याने वरण मागितलं.

यापेक्षा खोल जायचं तर मोठे भोवरे प्रत्यक्ष हिशेबात धरायचे आणि फक्त बारीक भोवऱ्यांचा अंदाज घ्यायचा. त्याला खण लागतात कोटीच्या घरात. माझं सपाट, द्विमितीय पातं लाखभर खणांत भागलं होतं. काळाचेही तुकडे पाडावे लागतात : एका पावलात पाण्याने साधारण एका खणापेक्षा जास्त उडी मारू नये. 10 मायक्रोसेकंदांचं एक पाऊल धरलं तर पाव सेकंदासाठी 25,000 पावलं, प्रत्येक पावलात दाब जुळेपर्यंत वीस-वीस फेऱ्या. एवढ्या खटाटोपानंतर हाती येते ती पाव सेकंदाची, पंधरा ढगांची गोष्ट.

आणि ती खरी कशावरून? हा प्रश्न विचारायची सवय लागायला वेळ लागतो, कारण पडद्यावरची रंगीत चित्रं फार गोजिरी असतात. लाल-निळे पट्टे हलताना पाहिले की माणूस विश्वास टाकतो. म्हणून खण दुप्पट बारीक करून उत्तर तेच येतं का ते पाहायचं, आणि मग प्रयोगाशी ताडायचं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात यासाठी एक पिळलेलं पातं केलं गेलं : बोगद्याच्या भिंतींपेक्षा मध्यभागी त्याचा तिरपेपणा 11 अंशांनी जास्त, म्हणजे चादर आणि ढग मधेच होतात आणि भिंतींची लुडबुड राहत नाही. जगभरचे लोक आपापली प्रणाली त्या पात्यावर घासून बघतात. उचल आणि ढगांचा ताल बहुतेकांचा बऱ्यापैकी जुळतो.

सगळ्यात कठीण आहे ते खड्ड्यांचं भाकीत, म्हणजे आमच्या पंख्यावर पडले होते ते. भिंतीजवळचा बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नाही. भिंतीच्या बाजूने पाणी यायला जागा नसते, म्हणून लांबची बाजू आत घुसते आणि पाण्याची सुईसारखी धार बुडबुड्याला आरपार छेदून भिंतीवर आदळते. तिचा वेग सेकंदाला 100 मीटरच्या घरात जातो. अशा आदळण्याचा दाब हिशेबाने सुमारे 1,500 वातावरणांएवढा येतो, क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता. एका दणक्याने काही होत नाही. पण महिनाभर रोजचे आठ तास लाइट आणि सेकंदाला हजारो दणके, मग बीडही पोखरतं.

संगणकाचा खण या सुईपेक्षा मोठा असतो, त्यामुळे ती त्याच्या हाताला लागत नाही. शिवाय आणखी एक गंमत आहे. निव्वळ पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,480 मीटर धावतो. वाफ-पाण्याच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात तोच सेकंदाला काही मीटरवर येतो, कारण मिश्रण पाण्यासारखं जड आणि वाफेसारखं दबणारं, दोन्ही एकदम. म्हणजे 10 मीटर वेगाचा प्रवाह तिथे आवाजाहून जलद ठरतो, आणि जेट विमानामागे उठते तशी आघातलाट फेसाच्या आत उठू शकते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये क्ष-किरणांनी फेसाच्या आत पाहून दाखवलं की काही वेळा चादर उलट्या झोताने तुटतच नाही, या लाटेने तुटते. माझ्या प्रबंधात पाणी न दबणारं धरलं होतं, त्यामुळे त्यात ही लाट निघणंच शक्य नव्हतं. झोताने सुटलेले माझे ढग प्रयोगाच्या तालाशी जुळले होते, पण तेवढ्यावरून कारणही तेच होतं असं म्हणायला मी आता धजत नाही.

प्रबंध झाल्यावर गावी गेलो तेव्हा लॅपटॉपवर आप्पांना ती पाव सेकंदाची फिल्म हळू करून दाखवली. चादर, उलटा झोत, ढग. मधल्या वर्षांत त्यांनी मोटार विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवली होती, पाणी खाली गेलं म्हणून पाइप कमी पडायला नको एवढ्याच हिशेबाने. त्या दिवसापासून खडखड बंद. उंची कमी झाली, 10 मीटरच्या शिलकीत भर पडली, उकळी थांबली, हे मी कागदावर मांडून दाखवलं. आप्पांनी शांतपणे ऐकलं, फिल्म परत एकदा लावायला सांगितली. जुना पंखा गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेला होता, तो उचलून आणला, खड्ड्यांवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "ते सम्दं खरं. मंग खडा कोठे गया?"